बालेवाडीचे भाडेकरू

माझ्या कपाटात एक नारिंगी मफलर आहे. २०१७च्या हिवाळ्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलाबाहेर मांडलेल्या एका टेबलावरून मी तो घेतला. त्यावर एफसी पुणे सिटी असे विणलेले आहे. पुण्यात मफलर लागण्याइतकी थंडी वर्षातून जेमतेम पंधरा दिवस पडते. शिवाय साठीकडे झुकलेल्या माणसाने नारिंगी मफलर गुंडाळून कुठे जायचे, हाही प्रश्न होताच. तरी घेतला. आपल्या गावाचे नाव असलेला संघ देशाच्या पातळीवर खेळतो आहे आणि आपण त्याच्या बाजूने ओरडतो आहोत, एवढी खूण जवळ असावी असे वाटले.

२०२५च्या ऑक्टोबरात बातमी आली की हैदराबाद एफसी हा संघ दिल्लीला हलतो आहे आणि त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली होणार आहे. बहुतेक मराठी वाचकांनी ती बातमी पाहिलीही नसेल. माझे मात्र लक्ष गेले, कारण इंडियन सुपर लीगमधली ही जागा मुळात पुण्याची होती. २०१४मध्ये ती पुण्यात सुरू झाली, २०१९मध्ये हैदराबादला गेली आणि आता दिल्लीला. दिल्लीचा स्वतःचा पहिला संघ, दिल्ली डायनामोज, २०१९मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता. म्हणजे ज्या शहराने एक संघ गमावला त्याला दुसऱ्या शहराने गमावलेला संघ मिळाला, आणि ज्या शहराला तो मिळाला होता तिथेही तो तिसऱ्याच शहराकडून आला होता. सरकारी खात्यातल्या बदल्यांचा आदेश वाचावा तसे हे वाटते.

मी वाणिज्य महाविद्यालयात बरीच वर्षे हिशेबशास्त्र शिकवले. त्यामुळे फुटबॉलवर लिहितानाही हात आपोआप जमा आणि खर्चाचे रकाने आखू लागतो. प्रश्न साधा आहे. नव्या व्यावसायिक फुटबॉल संघाला आपल्याकडे बाजार अनिश्चित आहे, म्हणून ते बंद पडतात, असे सगळेच म्हणतात. मालक म्हणतात, महासंघ म्हणतो, वर्तमानपत्रे म्हणतात. पण या अनिश्चिततेचा भार कोणाच्या खात्यावर पडतो? पुण्यातल्या चार संघांचा इतिहास चाळताना मला याचे जे उत्तर मिळाले, ते इथे मांडतो.

आधी एका शब्दाविषयी. फ्रँचायझी या शब्दाला मराठीत अजून धड प्रतिशब्द रुळलेला नाही. इंग्रजी-मराठी शब्दकोशात मूळ शब्द पाहायला जावे तर मताधिकार हा अर्थ समोर येतो. व्यापारातला अर्थ, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने धंदा करायचा परवाना, आपल्याकडे आला तो औषधांच्या दुकानांच्या आणि पिझ्झाच्या साखळ्यांबरोबर. खेळात हा शब्द आला तेव्हा त्याने संघ, क्लब, मंडळ या तिन्ही शब्दांना बाजूला सारले. संघ म्हटले की खेळाडू डोळ्यांपुढे येतात. क्लब म्हटले की सभासद, मंडळ म्हटले की वर्गणी. फ्रँचायझी म्हटले की फक्त मालक येतो. मताधिकार मात्र त्यातून पूर्ण गळाला आहे.

पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉलची सुरुवात खरे तर चांगली झाली होती. २००७मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. हा संघ कुठल्याही मागच्या दाराने आला नाही. आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळला, तिथून वर चढला आणि २००९-१०च्या पहिल्याच मोठ्या हंगामात तिसरा आला. २०१२-१३मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला. जाहिरात फार नव्हती. बालेवाडीच्या त्या अवाढव्य मैदानावर, जे १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधले गेले आणि ज्यात प्रेक्षक आणि गवत यांच्यामध्ये धावपट्टी आहे, काही शे लोक कोपऱ्यात बसलेले असत. त्यांत महाविद्यालयीन मुले असत, ईशान्येकडून पुण्यात शिकायला आलेली मुलेमुली असत, खडकीचे एखादे निवृत्त लष्करी गृहस्थ असत. मीही अधूनमधून जाई. सामना संपल्यावर रात्री बालेवाडीहून शहरात परतायला रिक्षा मिळणे हा त्या काळात वेगळाच खेळ होता.

पुणे एफसीची खरी मिळकत मैदानाबाहेर होती. त्यांची अकादमी देशातल्या उत्तम अकादम्यांपैकी एक होती. केरळातल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा मुलगा तिथेच घडला आणि पुढे भारताकडून खेळला. त्याच्याकडे मी शेवटी पुन्हा येईन.

२०१३मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आय-लीगचे एक नवे दार उघडले. त्याला थेट प्रवेश म्हणत. ज्या उद्योगसमूहाकडे पैसा आहे त्याने बोली लावावी आणि खालच्या विभागातून झगडत न येता एकदम वरच्या पंक्तीला बसावे. हा संघ पहिली काही वर्षे तळाला गेला तरी खालच्या विभागात घसरणार नाही, अशी हमीही त्याला होती. कल्पना मुळात वाईट नव्हती. नव्या दुकानाला सुरुवातीला घरभाडे माफ करावे तसे ते होते. अडचण एवढीच होती की ते माफ केलेले भाडे शेवटी दुसऱ्या कोणालातरी भरावे लागे.

याच दाराने कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४मध्ये पुण्यात आला. शहरात पुणे एफसी होताच. शिवाय त्याच ऑक्टोबरात सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी अवतरला. ज्या शहराला एका संघाचे कोपरे भरताना मारामार होती, तिथे आठ-नऊ महिन्यांच्या आत तीन राष्ट्रीय संघ एकाच मैदानाचे भाडेकरू झाले. बाजारपेठेचा अभ्यास हा शब्द या मंडळींच्या सादरीकरणात नक्की असणार. त्या अभ्यासात बालेवाडीत उभे राहून कोणी माणसे मोजली होती का, याची मला दाट शंका आहे.

भारत एफसी २०१४-१५च्या आय-लीगमध्ये अकरा संघांत अकरावा आला. हमी असल्यामुळे तो घसरला नाही. त्याच्याऐवजी दहावा आलेला संघ घसरला. तो दहावा संघ गोव्याचा धेंपो होता. पाच वेळा राष्ट्रीय विजेता! २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी त्याची पाच विजेतेपदे. त्या हंगामात धेंपो वाईट खेळला हे खरेच, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण गुणतक्त्यात त्याच्याहूनही खाली एक संघ होता. हंगाम मे महिन्याच्या अखेरीस संपला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच भारत एफसी बंद करण्यात आला. ज्याला वाचवण्यासाठी धेंपोला खाली ढकलले, तो उन्हाळा संपेपर्यंतही थांबला नाही. त्याच सुमारास पुणे एफसीनेही लीगमधून अंग काढून घेतले.

मडगावच्या माझ्या एका मित्राने त्या दिवसांत फोनवर विचारले होते, "तुमच्या पुण्याच्या पावण्याक आम्ही आमची खोली दिली, आनी तो एक रात राहून गेलो. आता आमची खोली परत कोण देतलो?" मी काय सांगणार! धेंपोने दुसरा विभाग खेळून, जिंकून, खोली स्वतःच परत मिळवली. तोपर्यंत महासंघाने सुपर लीगला सर्वोच्च करून आय-लीगला दुय्यम ठरवणारा आराखडा पुढे आणला होता. २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनीही निषेध म्हणून आय-लीग सोडली. साळगावकर म्हणजे १९९८-९९ची राष्ट्रीय लीग जिंकणारा, ती जिंकणारा गोव्याचा पहिला संघ. गोव्यातल्या गावागावांत चर्चच्या मागच्या मैदानावर जो खेळ वाढला, त्याच्या डोक्यावरचे छप्पर एका उन्हाळ्यात गेले.

एवढ्यावर थांबले असते तर योगायोग म्हणता आला असता. पण पुण्याचा दुसरा थेट प्रवेश डीएसके शिवाजीयन्सचा. २०१५-१६मध्ये तो आय-लीगमध्ये आला आणि नऊ संघांत नववा आला. हमीमुळे तो राहिला आणि आठवा आलेला संघ घसरला. तो आठवा संघ मिझोरामचा ऐजॉल एफसी होता. भांडवल तुटपुंजे, खेळाडू बहुतेक आसपासच्या टेकड्यांवरचे. गोव्याच्या संघांनी लीग सोडल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या, म्हणून महासंघाने ऐजॉलला परत बोलावले. मुंबई एफसीहून मोकळे झालेले खालिद जमील त्यांचे प्रशिक्षक झाले. आणि एप्रिल २०१७मध्ये, शिलाँगला बरोबरी साधून, ऐजॉल भारताचा विजेता झाला. डीएसके शिवाजीयन्स त्याच हंगामानंतर लीगमधून बाहेर पडला तो कायमचा.

लागोपाठ दोन वर्षे पुण्यातला नवा, श्रीमंत, हमी मिळालेला संघ तळाला आला. दोन्ही वर्षे त्याची शिक्षा त्याच्या वर असलेल्या, माणसांत मुरलेल्या संघाने भोगली. त्यांपैकी एकाने आधी पाच विजेतेपदे मिळवली होती, दुसरा पुढच्याच वर्षी विजेता झाला. दोन्ही पुणेरी संघ मात्र आज नाहीत. या गोष्टीवर पुण्यात कोणी फारसे लिहिले नाही. आम्हाला तेव्हा तिची लाजही वाटली नाही, कारण आमच्यापैकी बहुतेकांना ती माहीतच नव्हती.

इथे माझा मुख्य आक्षेप येतो. खेळातली अनिश्चितता मैदानावर असावी लागते. कोण जिंकेल, कोण घसरेल, हे ठाऊक नसते म्हणून आपण तिकीट काढतो. फ्रँचायझीच्या रचनेने ही अनिश्चितता मैदानावरून उचलली. नवा संघ घसरणार नाही अशी हमी आय-लीगमध्ये दिली गेली, आणि सुपर लीगमध्ये तर घसरण्याची सोयच ठेवली नाही. पण अनिश्चितता काही नाहीशी होत नाही. ती मैदानावरून निघाली आणि संचालकांच्या बैठकीत जाऊन बसली. निकालाची भीती गेली, पण पुढच्या वर्षी संघ असेल की नाही याची भीती आली. ती भीती मालकाला नसते, कारण बाहेर जाण्याचे दार त्याच्यासाठी सदैव उघडे असते. ती असते करार झालेल्या खेळाडूला, अकादमीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाला, गुणतक्त्यात वरच्या ओळीत असलेल्या दुसऱ्याच गावाला, आणि टेबलावरून मफलर घेणाऱ्याला.

पूर्वी मुंबईत कंपन्यांचे संघ होते. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. कूपरेजवर रोव्हर्स करंडकाच्या सामन्यांना त्यांची नावे गाजत. तेही बंद पडले, काही वाईट पद्धतीने पडले. पण रेल्वेतल्या किंवा एअर इंडियातल्या खेळाडूला निदान नोकरी असे. मैदान सुटले की तो कचेरीत जाऊन बसे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये गाशा गुंडाळला, तेव्हा व्यावसायिकता आलेली होती. म्हणजे करार होते आणि कचेरी नव्हती. आपण प्रगती म्हणून जे स्वीकारले त्यात ही एक उणे बाजू होती. ती त्या वेळी ताळेबंदात कोणी दाखवली नाही.

आता एफसी पुणे सिटी. या संघाविषयी मी निःपक्षपाती नाही, हे मफलरवरून लक्षात आलेच असेल. वाधवान समूहाचा हा संघ, बरोबर हृतिक रोशन. पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता त्रेझेगे आला, दुसऱ्या वर्षी रोमानियाचा मुतू. दोघेही आपल्या कारकिर्दीच्या संध्याकाळी आले होते. सहावा क्रमांक, सातवा क्रमांक, पुन्हा सहावा. प्रशिक्षक दर वर्षी नवा. होर्डिंगवरचे चेहरे आधी ठरले आणि संघ नंतर, हे बाहेरून पाहणाऱ्यालाही कळत होते.

मग २०१७-१८चा हंगाम आला. रँको पोपोविच नावाचे प्रशिक्षक, सामना पाहताना बाकावर क्षणभर न बसणारे. पुढे मार्सेलिन्हो आणि अल्फारो. त्या वर्षी पुणे खरोखर खेळले. संघ चौथा आला, उपांत्य फेरीत गेला, आणि मार्च २०१८मध्ये बालेवाडीला बंगळूरुविरुद्ध पहिला सामना झाला. गोल झाला नाही. पण त्या रात्री मी प्रथमच बालेवाडीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून ओरडलो. तो हिंजवडीत नोकरी करणारा लातूरचा मुलगा होता. मध्यंतरात त्याने आपला डबा उघडून मला अर्धी पोळी दिली. परतीच्या सामन्यात बंगळूरुने ३-१ने हरवले, तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. हरल्याचे दुःख झाले, आणि हरल्याचे दुःख होते आहे याचा मला आनंदही झाला. चार वर्षांनी का होईना, संघ आपला झाला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा सातवा क्रमांक. २०१९मध्ये मालक समूह मोठ्या आर्थिक संकटात सापडला आणि ऑगस्टअखेर जाहीर झाले की पुण्याच्या जागी हैदराबाद येणार. प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडे गेले, मार्सेलिन्हो गेला, आणखीही काही गेले. मार्च २०२२मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद विजेता झाला, ती रात्र मी दूरचित्रवाणीवर पाहिली. चांगला संघ होता. आपल्या घरातून गेलेल्या फर्निचरवर शेजाऱ्याचे पाहुणे बसलेले पाहावे तसे वाटत राहिले. आणि मग तेही घर मोडले.

याला एक वजनदार उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या थेट प्रवेशाच्या दाराने भारत एफसी आला, त्याच दाराने एक वर्ष आधी बंगळूरु एफसी आला होता. जेएसडब्ल्यू समूहाचा तो संघ २०१३मध्ये निघाला आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकला. २०१५-१६मध्ये पुन्हा जिंकला, २०१६मध्ये एएफसी चषकाच्या अंतिम फेरीत गेला, २०१८-१९मध्ये सुपर लीग जिंकली. मालक उद्योगपतीच, नियम तेच, देश तोच. मग बाजाराचा दोष कसा म्हणायचा? आणि फ्रँचायझीचा तरी दोष कसा म्हणायचा?

मी यावर बराच विचार केला आहे. बंगळूरुने पहिले वर्ष शहराच्या मध्यातल्या छोट्या फुटबॉल मैदानावर काढले, मोठ्या कांतीरवावर नंतर गेले. छोटे मैदान लवकर भरते, आणि भरलेल्या मैदानात माणूस परत येतो. प्रशिक्षक ॲशली वेस्टवूड तीन हंगाम टिकले. छेत्री आला तो निवृत्तीपूर्वीची कमाई करायला आलेला पाहुणा नव्हता, भारताचा कर्णधार होता, आणि राहिला. वेस्ट ब्लॉकमध्ये उभे राहून गाणाऱ्या पाठीराख्यांना क्लबने आपली जाहिरात करणारे मानले नाही, घरातले मानले. शिवाय शहरात त्या दर्जाचा दुसरा संघ नव्हता. यातले शेवटचे सोडले तर बाकी सगळे पुण्याला जमण्यासारखे होते. मैदानाचे म्हणाल तर बालेवाडी ही पुण्याची वेशी, तिथून शहर फक्त महामार्गावरून दिसते. पण पहिली काही वर्षे आपण काही मागायचे नाही, फक्त खेळून दाखवायचे, हा क्रम बंगळूरुने पाळला. पुण्यात प्रत्येक नव्या मालकाने पहिल्याच दिवशी प्रेम मागितले.

मात्र बंगळूरुचे उदाहरण शेवटी माझ्याच आक्षेपाला बळ देते. २०१०मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला होता. तो डिसेंबर २०२५मध्ये संपत होता. नूतनीकरणाचे कोडे सुटेना म्हणून २०२५च्या जुलैत सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बंगळूरुसारख्या क्लबलाही पहिल्या संघाचे वेतन थांबवल्याचे जाहीर करावे लागले. नोव्हेंबरात लीगच्या व्यापारी हक्कांची निविदा उघडली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. हंगाम फेब्रुवारी २०२६पर्यंत लांबला. बारा वर्षे घट्ट बसवलेला संघसुद्धा वरच्या एका कागदाची मुदत संपताच डळमळतो, याचा अर्थ कागदाच्या बाहेर त्याला उभे राहायला जागा ठेवलेली नव्हती.

अशी जागा म्हणजे काय, हे मला सांगता येते, कारण मी कोल्हापुरात वाढलो. कुठल्या पेठेत ते सांगत नाही. उगाच निम्मे वाचक इथेच तुटतील. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यातली बहुतेक नावे तालमींची आहेत. जिथे कुस्तीची माती होती तिथेच फुटबॉलचे बूट आले. संघाचा मालक कोण, असे कोल्हापुरात विचारले तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. गणपती त्याच मंडळाचा, मिरवणूक त्याच मंडळाची, पुराच्या दिवसांत घरोघरी पाणी पोहोचवणारी पोरे त्याच मंडळाची, आणि शाहू स्टेडियमवर अकरा जण उतरतात तेही त्याच मंडळाचे. हे मंडळ हैदराबादला हलवता येणार नाही. त्यासाठी पेठच उचलून न्यावी लागेल.

मात्र तालमीच्या फुटबॉलचे गोडवे गाणारे लेख वाचून मी कंटाळलो आहे. शाहू स्टेडियमवर मी दगड झेलले आहेत. हुल्लडबाजीमुळे स्पर्धा अर्ध्यावर थांबलेल्या पाहिल्या आहेत. मंडळाला पैसा देणारा पुढारी निवडणूक झाली की आटतो, हेही पाहिले आहे. तिथेही आता परदेशी खेळाडू पैसे देऊन आणतात. आणि सतराव्या वर्षी खरेच चांगला निघालेला मुलगा पुढे करणार काय, याचे उत्तर एकाही तालमीकडे नाही. अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा सारे कोल्हापूर मोटारसायकली काढून फिरले. पण त्याला घडवले ते पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीने, आणि त्याला पगार दिला तो त्याच सुपर लीगच्या संघांनी ज्यांना मी या लेखात बोल लावतो आहे. एकाकडे माणसे आहेत आणि वाट नाही, दुसऱ्याकडे वाट आहे आणि माणसे नाहीत. दोघांना एकमेकांची ओळखही करून द्यावी असे कोणाला वाटले नाही. पुण्याच्या चारही संघांनी कोल्हापूरला आपले घर मानले असते, वर्षातून चार सामने शाहू स्टेडियमवर नेले असते तर काय झाले असते, असे मी मनाशी अनेकदा खेळतो. कदाचित दगडच पडले असते. निदान प्रेक्षक तरी असते.

बाहेरच्या देशांतही हे घडले आहे, म्हणून दोन उदाहरणे घेतो. जपानमध्ये १९९३ला व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा संघांची नावे कंपन्यांवरून नव्हे तर गावांवरून ठेवावीत, असा दंडक घातला गेला. तरी १९९८मध्ये योकोहामा फ्लुगल्स हा संघ पैशाअभावी शेजारच्याच संघात विलीन झाला. १ जानेवारी १९९९ला त्याने सम्राट चषकाचा अंतिम सामना जिंकला आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पाठीराख्यांनी विलीनीकरण मान्य केले नाही. त्यांनी योकोहामा एफसी हा नवा क्लब काढला, खालून सुरुवात केली, आणि २००७मध्ये तो पहिल्या विभागात होता. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटलचे. २००९मध्ये तिथे नवा संघ आला तेव्हा नावासाठी लोकांचे मत घेतले. लोकांनी यादीतले एकही नाव न निवडता १९७४च्या, बंद पडलेल्या लीगमधल्या जुन्या संघाचेच साउंडर्स हे नाव लिहून पाठवले. तेच ठेवले गेले. सभासदांना महाव्यवस्थापक ठेवायचा की नाही यावर मतदानाचा हक्कही मिळाला. शब्दकोशातला तो हरवलेला अर्थ तिथे सापडतो.

आपल्याकडेही नावाचा हा जोर एकदा दिसला आहे. १८८९चा मोहन बागान २०२०मध्ये सुपर लीगच्या कोलकाता संघाशी जोडला गेला आणि एटीके मोहन बागान झाला. त्या तीन अक्षरांवरून पाठीराख्यांनी तीन वर्षे रान उठवले, आणि २०२३मध्ये विजेतेपद जिंकल्याच्या संध्याकाळीच मालकांना ती अक्षरे काढल्याचे जाहीर करावे लागले. कोलकात्याला हे जमले, कारण तिथे विसरायला एकशेतीस वर्षे होती. पुण्याकडे पाच वर्षे होती.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. संघाला आत येताना जितक्या अटी घालता तितक्याच बाहेर जाताना घाला. अकादमीतल्या मुलांचे शैक्षणिक वर्ष पुरे होईपर्यंत अकादमी चालवण्याची रक्कम पहिल्या दिवशी बाजूला ठेवून घ्या. गावाचे नाव, रंग आणि विक्रमांची वही जिल्हा संघटनेकडे राहू द्या, म्हणजे उद्या दुसरा कोणी आला तर त्याला पहिल्या पानापासून लिहावे लागणार नाही. आणि तळाला आलेला संघ खाली जाऊ द्या. पुण्याचा असला तरी.

आशिक कुरुनियनविषयी सांगायचे राहिले. पुणे एफसी बंद झाल्यावर त्यांची अकादमी २०१६मध्ये एफसी पुणे सिटीने घेतली आणि तो मुलगा मोठ्या संघात आला. आमच्या चार भाडेकरूंमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे काही वारसा गेला असेल, तर तो हा एवढाच. २०१९मध्ये हाही संघ गेला आणि आशिक बंगळूरुला गेला. त्याचे चांगले झाले. त्याच्या मागच्या वर्गात जी मुले होती त्यांची नावे कोणाच्या वहीत नाहीत.

गेल्या जानेवारीत कोल्हापूरला गेलो होतो. थंडी होती म्हणून मफलर बरोबर घेतला आणि दुपारी शाहू स्टेडियमवर सामना बघायला बसलो. शेजारच्या पायरीवर एक टोपीवाले आजोबा शेंगा सोलत बसले होते. बराच वेळ माझ्या गळ्याकडे बघून त्यांनी विचारले, "ही कुठली तालीम म्हणायची?"

"पुण्याची," मी म्हणालो.

"आन् आता कुठं खेळत्यात?"

"दिल्लीला."

त्यांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे सरकवली आणि मैदानाकडे बघत राहिले. कॉर्नर मिळाला होता.